अर्ध्या ब्लेडचा वस्तरा : चांद्याच्या लोखंडापासून आपल्या हातापर्यंत

१/
चंद्रपूर, वरोरा, गडचिरोली, अहेरी : यांपैकी कोणत्याही गावच्या केशकर्तनालयात दाढीसाठी बसा. कारागीर कागदात गुंडाळलेले दुधारी ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध मोडतो आणि त्याची अर्धी पट्टी वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतो. सारे काही क्षणांत आटोपते. अलीकडे अनेक तरुण असाच वस्तरा घरी आणून स्वतःच दाढी करायला शिकू लागले आहेत. हा धागा प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. जे आपण हातात धरतो ते कोठून आले, हे ठाऊक असले की हातही अधिक जाणतेपणाने चालतो.

२/
जुना वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारे पोलादी पाते. ते वर्षानुवर्षे टिके. मात्र त्याची धार रोज राखावी लागे. त्यामुळे जुन्या कारागिराला दोन विद्या अवगत असणे भाग होते : धार राखण्याची आणि पाते चालवण्याची. आजच्या वस्तऱ्यात धार कारखान्यातून येते आणि वापरून टाकून दिली जाते. म्हणजे पहिली विद्या हातातून गेली, दुसरी मात्र जशीच्या तशी राहिली. या दोन विद्यांची फारकत कशी झाली, हा आपला विषय. या कथेत चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रदेश अनपेक्षितपणे अनेकदा भेटतो.

३/
आरंभ शब्दांपासून करू. संस्कृतातील शब्द ‘क्षुर’. ऋग्वेदात केस कापणाऱ्यासाठी ‘वप्तृ’ हा शब्द येतो, तर कठोपनिषदाने ज्ञानाच्या दुर्गम वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली. आपला ‘वस्तरा’ मात्र फारसीतील ‘उस्तुरा’पासून आला. कारागिरासाठी न्हावी, नाभिक, वारीक अशी नावे आहेतच. विदर्भात ‘म्हाली’ हेही नाव रूढ होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ते नोंदलेले आहे. दक्षिणेला सिरोंच्याकडे तेलुगू बोली सुरू होते आणि तिथे हाच कारागीर ‘मंगली’ होतो.

४/
आता भद्रावतीला येऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील हे जुने भांदक. येथील विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगरात खोल गेलेल्या दालनाच्या शेवटी बुद्धमूर्ती दिसते. अशा ठिकाणी राहणाऱ्या भिक्खूच्या मालकीचे काय असे? परंपरेने आठच वस्तू सांगितल्या आहेत : तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळण्याचे साधन आणि वस्तरा. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसालाही वस्तरा ठेवण्याची मुभा होती, किंबहुना तो आवश्यकच मानला होता.

५/
विनयपिटक या बाबतीत फार बारकाईने बोलते. केस दोन महिने किंवा दोन अंगुळे यांहून अधिक वाढू द्यायचे नाहीत, असा नियम आहे. त्यासाठी वस्तरा, धार लावायचा दगड, वस्तऱ्याचे म्यान आणि नमद्याचा तुकडा ठेवण्याची अनुमती दिली आहे. यादी नीट पाहा. पाते एक, पण त्याला जपणाऱ्या वस्तू तीन. हत्यारापेक्षा धारेची निगा मोठी, हे त्या काळीही उमगलेले होते. आजच्या ब्लेडच्या पाकिटाने या तीनही वस्तूंची जागा घेतली आहे.

६/
याच परंपरेतील एक व्यक्ती लक्षात ठेवावी : उपाली. शाक्य राजकुमारांचा हा न्हावी. राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनीच विनंती केली, की उपालीला आधी दीक्षा द्यावी. म्हणजे तो संघात ज्येष्ठ ठरेल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळेल. पुढे पहिल्या संगीतीत विनयाचे पठण करण्याचा मान याच उपालीकडे गेला. संघाच्या शिस्तीचा सर्वांत मोठा जाणकार मूळचा वस्तरा चालवणारा होता.

७/
धार एवढी का जपावी लागते? केस तर मऊ असतो. हा प्रश्न अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनाही पडला. २०२० मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचा प्रयोग केला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही तो धारेचे सूक्ष्म टवके उडवतो, असे त्यांना आढळले. पोलादाच्या अंतर्रचनेतील असमानता, केस आणि पाते यांच्यातला कोन आणि धारेवरील केसाची जागा हे तीनही जुळून आले, की टवका उडतो. पिढ्यान्‌पिढ्या कारागीर दर दाढीआधी पाते चामड्यावर का फिरवत आले, याचे उत्तर आता प्रयोगशाळेतून मिळाले आहे.

८/
महाराष्ट्रातील गावगाड्यात ही निगा न्हाव्याच्या धोकटीत सामावलेली असे. धोकटी म्हणजे हत्यारांची चामडी पिशवी : वस्तरे, कात्री, चिमटा, नखे काढायची नऱ्हाणी, पाण्याची वाटी, आरसा, दगड आणि चामड्याचा पट्टा. मुलगा वडिलांबरोबर फिरे आणि पाहत पाहत शिके. आधी पट्टा धरायचा, मग पाते घासायचे आणि हात स्थिरावल्यावरच माणसाच्या गालाला लावायचे. धार ओळखता येईपर्यंत गळ्याशी पाते न्यायचे नाही, हा या क्रमाचा अर्थ. संत सेना महाराजांनी तर याच धंद्यातील आरसा-चिमट्यांना आपल्या अभंगात परमार्थाची रूपके केले.

९/
न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर सेवा द्यायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा, असा व्यवहार. यासाठी गाव एका जागी वसलेले आणि शेती स्थिर हवी. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या गावांत ही घडी बसू शकत होती. भामरागड-एटापल्लीच्या डोंगरात, जिथे माडिया कुटुंबे जंगल फिरवून शेती करत, तिथे अशा बलुत्याला आधारच थोडा होता. एकाच जिल्ह्यात वस्तऱ्याचे दोन वेगळे सामाजिक जग असणे शक्य होते, ते या शेतीच्या भेदामुळे.

१०/
दाढी करून घेणारा माणूस आपला गळा दुसऱ्याच्या हाती सोपवतो. न्हावी आणि गिऱ्हाईक यांच्यातला हा विश्वास शिवचरित्राच्या वाचकांना परका नाही. शिवा काशीद आणि जिवा महाला हे दोघेही परंपरेने नाभिक समाजातले मानले जातात. परंतु हा विश्वास सर्वांच्या वाट्याला येत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की त्यांच्या बालपणी साताऱ्यात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती. पण अस्पृश्यांच्या केसांना हात लावायला कोणी तयार नव्हता. भावंडांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे.

११/
हा नकार एकट्या न्हाव्याचा नव्हता. अस्पृश्यांची हजामत करणाऱ्याला इतर गिऱ्हाइके टाकत, म्हणजे त्याचे बलुतेच बुडे. अवघ्या गावाचा निर्णय एका वस्तऱ्यातून व्यक्त होई. या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांच्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथातील उपालीच्या दीक्षेचे प्रकरण वाचावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. ज्यांना न्हाव्याचा हात नाकारला गेला, त्यांच्यापुढे बाबासाहेबांनी जो आदर्श ठेवला, त्यात एक न्हावी होता.

१२/
आणि न्हाव्यांनी स्वतःही एकदा वस्तरा खाली ठेवला आहे. विधवांचे सक्तीने केशवपन करण्याची रूढी तेव्हा उच्चवर्णीय घरांत पाळली जाई, आणि ते काम न्हाव्यालाच करावे लागे. १८९० मध्ये मुंबईत, ‘दीनबंधु’चे संपादक आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा निर्धार झाला. कायद्याची वाट न पाहता हत्यार धरणाऱ्या हातांनीच नाही म्हटले. इथवर हाताची कथा झाली. आता धारेकडे, म्हणजे पोलादाकडे वळू.

१३/
गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेलंगणा. त्याच तेलंगणात, निजामाबादच्या भागात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मुशीत लोखंड आणि कार्बनयुक्त द्रव्ये बंद करून दीर्घकाळ तापवत आणि त्यातून पोलादाच्या लहान वड्या निघत. हेच जगप्रसिद्ध ‘वूट्झ’ पोलाद. ते खरेदी करायला थेट इराणहून व्यापारी येत. १८२० च्या दशकात हेन्री व्हॉयसी या शास्त्रज्ञाने येथील भट्ट्या पाहून त्यांचे वर्णन लिहिले. दमास्कस नावाने गाजलेल्या तलवारींचा कच्चा माल अशाच दख्खनी मुशींतून जात होता.

१४/
या पोलादाचा वस्तऱ्याशी संबंध मुंबईमार्गे आला. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला; त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते, असे म्हटले आहे! ज्या बंदरातून माल आला, तेच त्याचे जन्मस्थान समजले गेले. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कारागिरांचे गाव मथळ्यातून गळाले. वसाहतकाळातील कागदपत्रे वाचताना ही सावधगिरी नेहमी बाळगावी.

१५/
ते नमुने लंडनमधील जेम्स स्टोडार्ट या हत्यारे बनवणाऱ्या कारागिराच्या हाती पडले. त्याने वूट्झपासून शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे घडवले, आणि युरोपातील उत्तम पोलादापेक्षा हे सरस आहे, अशी जाहिरातही केली. पुढे तरुण मायकल फॅरेडे त्याच्याबरोबर काम करू लागला. वूट्झचे रहस्य शोधता शोधता दोघांनी पोलादात चांदी, ऱ्होडियम, प्लॅटिनम मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. त्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरेडे मित्रांना भेट देत असे. विजेच्या शोधांसाठी ओळखला जाणारा हा शास्त्रज्ञ त्याआधी धारेच्या शोधात होता.

१६/
दरम्यान शेफिल्डमध्ये वेगळी क्रांती झाली होती. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत सिद्ध केली. एकजिनसी पोलाद मोठ्या प्रमाणावर मिळू लागले आणि शेफिल्डचे वस्तरे जगभर निघाले. पुढे जर्मनीतील झोलिंगेनही त्या पंक्तीत बसले. इकडे देशी भट्ट्या एकेक करून विझत गेल्या. विलायती लोखंड स्वस्त पडे आणि कोळशासाठी लागणारे लाकूड जंगलावरील सरकारी नियंत्रणामुळे दुर्मीळ झाले. १८७८ च्या वन कायद्याने हे नियंत्रण अधिक घट्ट केले.

१७/
पण लोखंड तर चांद्यातच होते. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात ‘लोहारा’ नावाचे गाव आहे. नावच पुरेसे बोलके आहे. १८८२ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक रिटर फॉन श्वार्झ याचा अहवाल आला, की लोहाऱ्याचे खनिज अत्यंत समृद्ध आहे आणि वरोऱ्याला कोळसाही आहे. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेदजी टाटांनी तो वाचला. भारतीय पोलाद कारखान्याचे स्वप्न त्यांच्या मनात रुजले, ते चांद्याच्या या नोंदीतून. परंतु वरोऱ्याचा कोळसा चाचणीत भट्टीसाठी निरुपयोगी ठरला, खाणीचे सरकारी नियमही जाचक होते. स्वप्न लांबले.

१८/
शतक पालटल्यावर प्रयत्न पुन्हा सुरू झाले. जमशेदजींचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड चांद्याच्या जंगलात हिंडले. पण कारखान्याला पुरेल असा योग जुळेना. नागपुरातील एका भूवैज्ञानिक नकाशाने त्यांना दुर्गकडच्या लोखंडाकडे नेले आणि प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजकडे. १९०४ मध्ये जमशेदजी निवर्तले. कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये तेथे पोलाद ओतले गेले. चांद्याने कल्पना दिली, कारखाना मात्र दुसरीकडे गेला.

१९/
ज्या वर्षी जमशेदजी गेले, त्याच वर्षी वस्तऱ्याचे भवितव्यही बदलले. मात्र त्याची सुरुवात जुनी आहे. पॅरिसमधील झाँ-झाक पेरे या हत्यारे घडवणाऱ्याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याच्या कलेवर पुस्तकच लिहिले आणि पात्याला लाकडी आडोसा सुचवला. नवशिक्यासाठी लिहिलेल्या आद्य मार्गदर्शकांत त्याची गणना होते. न्हाव्यावाचून दाढी, ही कल्पना म्हणजे तेव्हा नवलच होते. तरीही धार राखण्याचा प्रश्न सुटला नव्हता. पाते आडोशात असो वा नसो, ते दगडावर आणि पट्ट्यावर घासावे लागतच होते.

२०/
तो प्रश्न किंग कॅम्प जिलेट याने उलटा फिरवला : धार लावायचीच कशाला? पातळ पाते करा, बोथट झाले की फेकून द्या. पातळ पोलादी पट्टीला टिकाऊ कडकपणा देणे अशक्य, असे अनेक जाणकारांचे मत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते यंत्राने शक्य केले. १९०३ मध्ये ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे विकली गेली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले आणि त्या एका वर्षात विक्री नव्वद हजार रेझरांवर पोहोचली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारनेच रेझर पुरवले. घरी दाढी करणे ही तिकडे सवय झाली.

२१/
असा सुरक्षित रेझर भारतातही घरोघर आला. दाढीपुरती तरी गावाच्या मर्जीतून सुटका झाली. ज्याच्या गालाला वस्तरा लावायचा की नाही हे इतर लोक ठरवत होते, त्याला आता ते स्वतः ठरवता येऊ लागले. सलूनमध्ये मात्र जुना घडीव वस्तरा टिकून होता, कारण कारागिराला उघडे पाते आणि दिसणारी धार हवी होती. एकच पाते दिवसभर अनेक गालांवर फिरे. फिटकरीचा खडा फिरवला, पाते पुसले, की पुढचा माणूस. या साखळीत जो धोका दडला होता, तो डोळ्यांना दिसत नव्हता.

२२/
१९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि जनजागृतीतून एक वाक्य गावोगाव पोहोचले : दाढी करताना नवे ब्लेड वापरायला सांगा. हेपेटायटिस-बीचा विषाणू तर शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. उपाय सोपा निघाला. जिलेटच्या कल्पनेतील फेकून देण्याजोगी धार आणि न्हाव्याची उघडी मूठ यांची सांगड घालायची. असा बदलत्या पात्याचा वस्तरा पूर्वीही होताच. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने तो सर्वत्र पोहोचवला. नव्या हत्याराचे नाव मात्र वस्तराच राहिले.

२३/
एकदाच वापरायच्या धारेचे मोल दाढीपुरते नाही. घरी होणाऱ्या बाळंतपणात नाळ कापायला गंजका विळा वा जुने ब्लेड वापरले, तर नवजात बाळाला धनुर्वात होऊ शकतो. म्हणून सुरक्षित प्रसूतीच्या पिशवीत साबण आणि दोऱ्याबरोबर एक कोरे ब्लेड असते. रुग्णालयापासून दूर, पावसाळ्यात नाल्यांनी अडवलेल्या गावांच्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या कोऱ्या ब्लेडचा अर्थ वेगळाच होतो. ज्या शोधाने आरशापुढची सोय केली, त्याचे हे दुसरे काम अधिक मोठे आहे.

२४/
आता नवशिक्यांसाठी. धार राखण्याचे ओझे तुमच्यावर नाही, म्हणून सारे लक्ष हाताकडे द्या. ब्लेड कागदातच मोडा आणि खाचेत पूर्ण बसले आहे ना, त्याचे कोपरे बाहेर आलेले नाहीत ना, हे पाहा. हे पाते जुन्या वस्तऱ्याहून पातळ आणि अधिक निर्दय असते. त्याचे टोकच आधी चावते. दाढी कोमट पाण्याने पुरेशी भिजवा, कारण भिजलेला केस मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. घाईच्या सकाळी शिकू नका. रिकामा वेळ, चांगला उजेड आणि कोरडी मूठ हवी.

२५/
पहिले काही आठवडे फक्त गाल. कल्ल्याखालची सपाट जागा सर्वांत सोपी. दुसऱ्या हाताने कातडी ताणा; निम्मे कौशल्य याच हातात असते. पाते गालाशी साधारण तीस अंशांत ठेवा : फार आडवे केले तर केस ओढले जातात, फार उभे केले तर कातडी सोलते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, छोट्या छोट्या फटक्यांत, दाब न देता चला. पाते धारेच्या रेषेत आडवे कधीही सरकवू नका. जखम त्यानेच होते. हनुवटी, ओठांवरची जागा आणि गळा सध्या साध्या रेझरवर सोपवा.

२६/
केस ओढला जात असेल तर जोर वाढवू नका, पाते बदला. एक फेर पुरे. गुळगुळीतपणा पुढे येईल. कापलेच तर गार पाणी आणि तुरटी. आपला वस्तरा दुसऱ्याला देऊ नका. वापरलेले ब्लेड कचऱ्यात सुटे टाकू नका. झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवा. ते उचलणारा सफाई कामगारही उघड्या हातांनी काम करत असतो, आणि धार फेकून देण्याच्या सोयीची किंमत त्याने मोजावी, हे बरोबर नाही. सलूनमध्ये नवे कारागीर फुग्यावर फेस लावून सराव करतात. आपणही तो करून पाहावा. फुगा दाब लगेच ओळखतो.

२७/
तीस अंशांचा कोन, ताणलेली कातडी, केसांची दिशा, हलका हात : यातले काहीही कारखान्याला पाकिटात भरता आलेले नाही. उपालीलाही ते शिकावे लागले असणार, धोकटी घेऊन वडिलांमागे फिरणाऱ्या मुलालाही आणि भावंडांचे केस कापणाऱ्या साताऱ्याच्या त्या बहिणीलाही. आपल्या भागातील जुन्या कारागिराकडे कधी गेलात, तर त्याच्या वडिलांचा घडीव वस्तरा आणि चामड्याचा पट्टा अजून घरात आहे का, हे अवश्य विचारा. असेल तर त्याच्या परवानगीने छायाचित्र घ्या, पात्यावर कोरलेले गावाचे नाव वाचा आणि या धाग्याखाली जोडा. शेफिल्ड, झोलिंगेन की आणखी कुठले, ते पाहू.